गंगेच्या पाण्याचा स्लॅब

सोहोनीकाका वाळू चाखत. ट्रक येऊन उभा राहिला की ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली ओलसर चिमूट काढायची, जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, डोळे मिटायचे आणि मग मान वळवून थुंकायचे. पाण्याचेही तसेच. पिंपात बोट बुडवून ते चोखल्याशिवाय त्यांनी मिस्त्रीला कधी सिमेंटला हात लावू दिला नाही. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. मी बी.ई. सिव्हिल होतो. वाळूतला खार बाटलीत रसायन टाकून कसा ओळखायचा हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता. जिभेने खार मोजणारा माणूस मला अंगारेधुपारेवाल्यांच्या पंक्तीतला वाटला.

भवानीपूरला एका बॅरिस्टरच्या घराची गच्ची दुरुस्त करायची होती. मी रविवारचा सहज बरोबर गेलो होतो. काकांनी वाळू चाखली आणि ट्रकवाल्याला परत जायला सांगितले. बॅरिस्टरसाहेब वरून पाहत होते, ते चपला फटफटवत खाली आले. कामाला आधीच आठवडा उशीर झाला होता, मजूर बसून होते, आणि हा मराठी कंत्राटदार वाळूला नावे ठेवत होता. काकांनी वाद घातला नाही. एक चिमूट त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, आपणच सांगा. एवढा मोठा माणूस, पण हट्टाला पेटला. त्याने खरेच ती तोंडात टाकली. म्हणाला, वाळूसारखी लागते. काका म्हणाले, "थोडा वेळ ठेवा. घाई करू नका." बॅरिस्टर गाल फुगवून अंगणात उभा, मजूर पाहताहेत, ट्रकवाला पाहतोय. शेवटी तो थुंकला, रुमालाने ओठ पुसले आणि आत गेला. ट्रक परत गेला.

काकांची नि माझी गाठ पडली ती अडुसष्ट साली. केंद्र सरकारच्या नोकरीत माझी पहिली नेमणूक कलकत्त्याला झाली. आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिला. वडील कऱ्हाडला लाकडाच्या वखारीत ओंडके वाहत. पदवीचे प्रमाणपत्र मी पत्र्याच्या नळीत घालून बरोबर आणले होते आणि कोणी मागितले नसताना दाखवत असे. हे मी आज हसून लिहितो, पण त्या नळीची लाज मला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

खिदिरपूरला गोदीच्या मागच्या गल्लीत सोहोनींचे घर होते. काकांचे वडील तरुणपणी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत कारकून म्हणून आले आणि तिथलेच झाले. त्यांनी हे जुने घर विकत घेतले होते. खालच्या मजल्याच्या भिंती हातभर जाड, वर लोखंडी तुळया आणि त्यांवर चुन्याचा कोबा. खाली तीन खोल्या. दोन काका-काकूंकडे, पुढची लहान मला भाड्याने. वरच्या मजल्यावर मात्र एकच मोठी खोली, स्वयंपाकघर आणि व्हरांडा होता, आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब. तो मजला काकांनी स्वतः वडिलांच्या हयातीत चढवलेला, मी गेलो तेव्हा बारा वर्षांचा होता. तिथे अनादिबाबू नावाचे निवृत्त शाळामास्तर बायकोसह भाड्याने राहत. काका त्यांना मास्टारमोशाय म्हणत. ते काकांना शोनीबाबू म्हणत.

काकांचा धंदा जुन्या घरांच्या दुरुस्तीचा. ओव्हरसियरचीसुद्धा परीक्षा त्यांनी दिलेली नव्हती. मला ते कधी नावाने हाक मारत नसत, "इंजिनियर" म्हणत. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती हे मला पाच वर्षांत कळले नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जेवताना शिकवणी दिली. नकाशात समुद्र लांब दिसतो, पण भरतीबरोबर तो नदीतून रोज दोनदा इथवर येतो, आणि उरलेला वेळ हवेत असतो. विटांना त्याच्या मिठाचा पांढरा लोणा लागतो, तो डोळ्यांना दिसतो. काँक्रीटच्या आतल्या गजाला लागतो तो दिसत नाही. गज गंजला की फुगतो आणि फुगला की भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. "बाहेरून घर चांगलं हसत असतं," ते म्हणाले, "दात आतून किडलेले."

खिशात एक लहान हातोडी असे. कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघणार आणि मग स्टूल मागणार. अलीपूरला बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याकडे बारसे होते. सगळी मराठी मंडळी जमलेली, पाळणा सजवलेला, बायका नाव ठेवायच्या तयारीत. काका स्टुलावर चढले आणि पाळण्याच्या कडीभोवती टक टक करत कान लावून ऐकू लागले. इंदूकाकूंनी पदर तोंडाला लावला. काका खाली उतरून यजमानीणबाईंना म्हणाले, इथे बद्द, पोकळ आवाज येतोय, पाळणा खिडकीकडे न्या. बाईंचा चेहरा पडला. पुढे तिथे काही पडले की नाही मला ठाऊक नाही, पण पाळणा त्यांनी हलवला. परतताना ट्रॅममध्ये काकू म्हणाल्या की तुम्हांला हल्ली कोणी जेवायला का बोलावत नाही ते कळलं का. काकांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिले, "जेवण काय, घरी मिळतंच."

काकूंना कलकत्त्यात राहायचे नव्हते. हे त्यांनी कधी भांडून सांगितले नाही. मुलगी नागपूरला होती, जावयाने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, घराला गिऱ्हाईकही येऊन गेले होते. काका विकत नव्हते. कारण विचारले की म्हणायचे, बघू. बदल्या होऊन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला काकू निरोपाचे जेवण घालत. ताट वाढताना एकदा मला म्हणाल्या, "तुम्हां लोकांची बदली तरी होते. आमची कोण करणार?"

हातोडी घेऊन साऱ्या गावाची छते वाजवणारे काका स्वतःच्या वरच्या मजल्यावर ती नेत नसत, हे माझ्या बरेच उशिरा लक्षात आले. भाड्यालासुद्धा ते वर जात नसत. अनादिबाबूच पहिल्या तारखेला खाली आणून देत.

अनादिबाबू वर्तमानपत्रातले इंग्रजी लाल पेन्सिलीने तपासत. एका रविवारी त्यांनी मला चहाला बोलावले आणि छताकडे बोट केले. छतावर एक बारीक भेग होती, पट्टीने आखल्यासारखी सरळ. टेबलावर उभे राहून त्यांनी तिच्या टोकाशी लाल पेन्सिलीने तारीख घातली होती. पुढे दुसरी तारीख, त्यापुढे तिसरी. मला म्हणाले, तुम्ही पदवीधर आहात, खरे काय ते सांगा.

सरळ भेग म्हणजे आतल्या गजाच्या रेषेत गेलेली भेग. हे मला समजायला हवे होते. पण मास्तरांच्या तोंडून "पदवीधर" हा शब्द ऐकून माझी छाती फुगली होती. काकांची हातोडी मागून आणली, टेबलावर चढलो, खोलीच्या मध्यभागी पाच ठोके दिले आणि जाहीर केले की गिलाव्याची भेग आहे, स्लॅब पंधरा वर्षे हलत नाही. मास्तरांच्या बायकोने मला आणखी एक नारळाचा लाडू दिला.

रात्रीच्या जेवणाला मी हे काकांना सांगितले. त्यांचा घास हातातच राहिला. विचारले, कुठे ठोकलंत. मी म्हटले, मध्ये. म्हणाले, कडेला? मी म्हटले, कडेला नाही. "हं," म्हणाले आणि जेवू लागले. याहून जास्त ते मला त्या बाबतीत कधीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

सत्तर सालच्या श्रावणात एका दुपारी वरून धडाम आवाज आला. आम्ही धावत गेलो. मास्तरांची बायको जमिनीवर विळी मांडून भोपळा चिरत होती. दारावर कोणी आले म्हणून उठली, आणि तेवढ्यात तिच्या पाटावर छताचा हातभर तुकडा पडला. भोपळ्याच्या फोडी आणि काँक्रीट एकत्र पसरले होते. वर उघडा पडलेला गज दिसत होता. त्याचे पापुद्रे सुटले होते. ती जागा कडेची होती.

काकांनी त्याच संध्याकाळी सहा लाकडी बल्ल्या आणून छताला टेकू दिले. खालच्या तुळयांच्या बरोबर वर फळ्या टाकून त्यांवर बल्ल्या उभ्या केल्या. मग मास्तरांसमोर हात जोडून म्हणाले की चार महिने खोली रिकामी करा, मी स्लॅब काढून नवा घालतो, आहे त्या भाड्यात परत या.

मास्तरांनी शांतपणे नकार दिला. आणि तो माणूस चुकीचा नव्हता. आमच्याच गल्लीत दोन घरमालकांनी दुरुस्तीच्या नावाखाली भाडेकरू बाहेर काढले होते आणि नंतर दाराला कुलूप घातले होते. त्यांतले एक कुटुंब बेहालाला मेहुण्याच्या मोटारखान्यात संसार करत होते. त्या काळच्या कलकत्त्यात "दुरुस्ती" हा शब्द घरमालकाच्या तोंडून आला की भाडेकरू दाराला आतून आडणा लावत असे. शिवाय मास्तरांकडे पुरावा होता. "तुमच्याच घरातल्या बी.ई. इंजिनियरने पंधरा वर्षं सांगितली आहेत," ते म्हणाले. "तुकडा पडला, तो गिलाव्याचा."

मी एकटा वर गेलो आणि माझी चूक झाली, असे त्यांना स्पष्ट सांगितले. शब्द गिळले नाहीत. मास्तरांनी मला बसवले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही त्यांच्या घरात राहता, त्यांच्या हातचं जेवता. पहिलं मत तुमचं होतं. हे दुसरं त्यांचं आहे." एवढे बोलून त्यांनी पुन्हा लाल पेन्सिल उचलली.

आता मीही अडकलो. दुसरीकडे खोली बघावी असे मनात आले तर काका म्हणाले, तेवढं करू नका, तुम्ही गेलात तर मास्टारमोशाय म्हणतील, बघा, एकेकाला काढायला लागला. म्हणजे वरचे खाली येईनात, मला बाहेर जाता येईना, काकूंना नागपूर दिसेना, आणि काका रोज सकाळी उठून अंगणातून वर बघत. टेकू आहेत ना, असे मी एकदा म्हटले. ते म्हणाले की टेकू म्हणजे म्हाताऱ्याची काठी, तिने तो उभा राहील, बरा होणार नाही.

त्या हिवाळ्यात शहर वरचेवर बंद पडत असे. एकदा लागोपाठ तीन दिवस बंद आला. ट्रॅम नाही, कचेरी नाही, गल्लीच्या तोंडावर पोलिसांची गाडी. घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वाटाणे सोलत होत्या, काका आणि मी समोरासमोर बसलो होतो. मी विचारले की बाकी सगळ्यांच्या वाळूला नावे ठेवता, तर तुमच्या स्वतःच्या स्लॅबला बारा-चौदा वर्षांत असे का झाले. काकूंचे हात थांबले. काकांनी सोललेली टरफले एका बाजूला सारली आणि सांगितले.

वडिलांचे वय झाले होते. परमुलुखात मरायचे, याचे त्यांना फार वाईट वाटे, पण एका गोष्टीचा अभिमान होता. देशावर लोक गंगेची लोटी लाखेने बंद करून देवघरात ठेवतात आणि मरणाच्या वेळी चमचाभर पाणी तोंडात घालतात. आपल्या तर दारावरून गंगा वाहते. सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाबरोबर ते लोट्या भरून पाठवत. वरचा मजला चढवायचा ठरला तेव्हा त्यांनी एकच मागणे मागितले, स्लॅबमध्ये नळाचे पाणी नको, सगळे गंगेचे पाहिजे. बंगाली शेजारीसुद्धा घराच्या पायात शिंपडायला तांब्याभर पाणी आणत, पण पुरा स्लॅब गंगेच्या पाण्यात कालवायची कल्पना आमच्या मराठी माणसांचीच. गावातले अख्खे मराठी मंडळ जमले. घाटापासून घरापर्यंत रांग लागली, बायकांनी घागरी आणल्या, पोरांनी बादल्या. वडील सोवळे नेसून दारात उभे. दिवस वैशाखाचे. नदीला वरून पाणी नाही, आणि भरती थेट समुद्रातून चढलेली.

"पहिल्या घागरीत मी बोट बुडवलं," काका म्हणाले. "ताकात मीठ कमी पडावं, तेवढं खारट होतं. मिस्त्रीनं चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. वडीलही बघत होते. विचारलं, काय रे? मी म्हटलं, गोड आहे."

 माझ्या वडिलांनी असे काही मागितले असते तर मी पत्र्याची नळी काढून त्यांना रसायनशास्त्र सांगितले असते का, याचा विचार करत होतो.

"पुढच्या माघात ते गेले," काका म्हणाले. "त्याच स्लॅबखाली. फार समाधानानं गेले."

काकूंनी तेव्हा विचारले, "म्हणून घर विकत नाही?" तीस वर्षांच्या संसारात असतो तसा त्यांचा आवाज होता, चढलेला नव्हता. काका म्हणाले, हे माहीत असून कोणाच्या गळ्यात घालू. आणि सांगून कोण घेईल. काकूंनी वाटाण्याचे ताट उचलले आणि आत गेल्या.

बंद उठल्यावर काकांनी मनाचा हिय्या केला. मास्तरांना खरे कारण सांगायचे ठरवले. मला साक्षीला नेले. त्यांनी घागरींपासून सगळे सांगितले, काही झाकले नाही. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या बायकोने डोक्यावरून पदर घेतला आणि दोन्ही हात कपाळाला लावले. काकांचे बोलणे संपल्यावर मास्तरांनी डोळे उघडले. "शोनीबाबू, बाकीचे घरमालक वाळवीवर ढकलतात. पावसावर ढकलतात. तुम्ही थेट मा गंगेवर ढकललंत. मी चाळीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकल्या, ही नवीन आहे."

आम्ही जिना उतरलो. काकांना हसू फुटले. जिन्याच्या कठड्याला धरून ते पोट दुखेपर्यंत हसले. म्हणाले, "आयुष्यात एकदा खरं बोललो, इंजिनियर." मग हसणे कधी थांबले ते मला दिसले नाही, कारण त्यांनी तोंड भिंतीकडे केले होते.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी ते कोर्टाकडून मुद्रांकाचा कागद घेऊन आले आणि तडक वर गेले. मी मागे होतो. कागदावर लिहिले होते की खालच्या दोन खोल्या अनादिबाबूंना त्याच भाड्यात, हयातभरासाठी. सोहोनी नवरा-बायको वर राहायला जातील. मास्तरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. सवयीने हातात पेन्सिल घेतली होती, ती खाली ठेवली.

"आणि बौदी?" त्यांनी विचारले. म्हणजे इंदूकाकू.

"ती माझ्याबरोबर येईल."

"या छताखाली?"

"हो."

मास्तरांनी वर पाहिले. टेकूंकडे, उघड्या गजाकडे, स्वतःच्या लाल तारखांकडे. मला वाटते त्यांना पहिल्यांदा त्याच क्षणी भीती वाटली. जो माणूस स्वतःच्या बायकोला इथे आणून झोपवतो, तो खोटे बोलत नसणार. आणि खोटे बोलत नसेल, तर आपली बायको इतके दिवस कशाखाली भाजी चिरत होती. त्यांनी सही केली. 

काकूंना यातले काहीच विचारलेले नव्हते. सामान वर न्यायच्या दिवशी त्यांनी नवऱ्याला एवढेच विचारले की पलंग कुठे लावायचा. काकांनी सगळे छत वाजवून पश्चिमेच्या भिंतीलगतची पाच फूट जागा दाखवली. माझ्या खोलीत झोपा, मी बाहेर ओसरीवर झोपेन, असे मी काकूंना म्हटले. त्या नाही म्हणाल्या. काकांना एकट्याला वर ठेवले तर ते झोपायचे नाहीत, आणि न झोपलेल्या माणसाचा हात शिडीवर सुटतो. डोक्यावर डब्यांची चळत घेऊन जिना चढता चढता त्या माझ्याकडे वळल्या. "झाली हो आमची बदली," म्हणाल्या. "एक मजला."

नंतरचे दोन हिवाळे काकांनी तो स्लॅब पट्ट्यापट्ट्याने बदलला. बाहेरची कामे दुपारपर्यंत उरकून ते वर चढत. दोन फूट रुंदीचा पट्टा छिन्नीने फोडायचा, जुने गज कापून काढायचे, नवे बांधायचे, आणि नव्याने काँक्रीट भरून तीन आठवडे त्यावर पोती टाकून पाणी मारायचे. तो पट्टा टणक झाला की पुढचा. सिमेंट परमिटवर एकेक पोते मिळे. पाणी नळाचे. पट्टा मोकळा असे तेव्हा त्यावर ताडपत्री. खोलीत बल्ल्यांचे रान उभे होते, त्यातून काकू वाट काढत फिरत. बल्लीला खिळा मारून तिच्यावर त्यांनी गाळणी, उलथने, दिनदर्शिका असे सगळे टांगले होते. नवा पट्टा झाला की पलंग दोन फूट सरकत असे. एकेका पट्ट्याने तो खोलीच्या मध्याकडे यायला लागला होता. घर आता विकले जाणार नव्हते. खाली हयातभराचा भाडेकरू असलेले घर कोण घेणार. हे काकूंना समजत होते आणि काकांनाही. त्यावर त्यांच्यात काय बोलणे झाले, झाले की नाही, मला माहीत नाही.

मास्तर खाली रुळले. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात फार बरे वाटते, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. वरच्या ठोकण्याने कोब्याची माती मात्र त्यांच्या वर्तमानपत्रावर पडे आणि दुपारची झोप मोडे. ते अंगणात येऊन वर हाक मारत की शोनीबाबू, दोन ते चार तरी थांबा. काका थांबत. भाडेकरूची तक्रार रास्त आहे, म्हणत.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत माझी बदली आली. काकूंनी निरोपाचे जेवण केले, पुरणाचे. मास्तर आणि त्यांची बायकोही वर जेवायला आली आणि बल्ल्यांच्या मध्ये मांडी घालून बसली. मास्तरांनी आपल्या जुन्या लाल तारखा होत्या ती जागा शोधली. ती फोडून झाली होती.

गाडी संध्याकाळची होती. तीनच्या सुमारास सामान टांग्यावर चढवून मी निरोप घ्यायला पुन्हा वर गेलो. काकू पलंगावर पडल्या होत्या. त्यांच्यापलीकडे शेवटून दुसरा पट्टा फोडलेला होता आणि त्या फटीतून आभाळाची एक लांब चिरफळी खोलीत उतरली होती. त्या उजेडात शिडी उभी होती. शिडीवर काका होते, पण त्यांचे डोके आणि खांदे छताच्या वर, बाहेर. खाली फक्त धोतर आणि पाय. हातोडी खाली पायरीवर ठेवलेली. ते काही करत नव्हते. मास्तरांचे दोन ते चार चालू होते.

मी कोणाच्या पाया पडणाऱ्यातला नव्हे. कॉलेजात असताना ती सवय सोडली होती आणि सोडल्याचे सांगतही असे. काय वाटले कोण जाणे, मी शिडीपाशी गेलो. पाय माझ्या छातीच्या उंचीवर होते. टाचांना सिमेंटच्या भेगा. मी दोन्ही हात पुढे करून त्यांना स्पर्श केला.

पाय दचकले. वरून, छताच्या पलीकडून काकांचा दबका आवाज आला.

"उठले का मास्टारमोशाय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि पडल्या पडल्याच उत्तर दिले, "नाही. झोपलेत अजून."

"बरं," वरून आवाज आला. पाय पुन्हा पायरीवर नीट टेकले. मी चपला हातात घेऊन, आवाज न करता जिना उतरलो.